बंदी रम्मीवर आली, सोरट मात्र चालूच आहे

ऑनलाइन गेमिंगचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत अक्षरशः दोन दिवसांत पास झाला, २० तारखेला लोकसभा, २१ला राज्यसभा, २२ला राष्ट्रपतींची सही, आणि मग बघता बघता ड्रीम इलेव्हनपासून रम्मीवाल्यांपर्यंत सगळ्यांनी पैशाचे डाव गुंडाळले. सरकारचा अंदाज असा होता की ४५ कोटी लोक यात अडकलेत आणि वर्षाला वीस हजार कोटी रुपये घालवतायत. आकडा इकडेतिकडे असेलही, पण ओळखीतल्या कुणाचा पीएफ नाहीतर बायकोचं सोनं त्या अ‍ॅपच्या घशात गेलेलं ज्याने बघितलंय त्याला आकड्याची गरज नाही. मीही खुश होतो. नातेवाइकांचे फोन आले, "अरे गेमिंगवर बंदी आली म्हणे, आता तुझं कसं?" माझं काय व्हायचंय, मी नव्वदच्या दशकातल्या टीव्ही गेमच्या कॅसेटीत फुंकर मारून कॉन्ट्रा खेळलेला माणूस, मग सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन काउंटर स्ट्राइक, मग लॅमिंग्टन रोडवरून पार्ट गोळा करून जुळवलेला पीसी, आणि एवढ्या वर्षांत रम्मीच्या अ‍ॅपवर एक रुपया लावलेला नाही. बोनस, कॅशबॅक, "जबाबदारीने खेळा" असलं पुटपुटणारी ती जाहिरात बंद झाली याचाच आनंद जास्त.

पण नंतर निवांत बसून कायद्यात काय आहे ते वाचलं आणि जरा खटकलं. पैसे भरून, काहीतरी जिंकायच्या आशेने खेळायचं आणि बदल्यात पैसे मिळवायचे, हे बंद. ठीक. मग खऱ्या पैशाने एक बंद पेटी घ्यायची, आत काय निघणार माहीत नाही, निघालं तर भारी चाकू किंवा दुर्मीळ कॅरेक्टर, नाहीतर कचरा, आणि कचरा निघाला की परत पेटी घ्यायची, हे काय? या पेटीला लूट बॉक्स म्हणतात, आणि ते नाव त्या कायद्यात कुठेच नाही. व्याख्येत पैशासोबत "इतर लाभ" असले मोघम शब्द आहेत, त्यावर वकील मंडळी भांडत बसतील, पण आजच्या घडीला तुमच्या मुलाच्या मोबाईलवर क्रेट, स्पिन, पॅक, गाचा अशा नावांनी हेच सगळं जसंच्या तसं सुरू आहे. म्हणजे बक्षीस रुपयात मिळालं तर जुगार आणि बंदुकीच्या रंगात मिळालं तर मनोरंजन. हे मला एक गेमर म्हणूनच पटत नाही. पैसे घेऊन नशीब विकलं जातंय का एवढंच बघायला पाहिजे, आणि ते अठरा वर्षांखालच्या पोराला विकता कामा नये, बक्षीस काहीही असो.

ज्यांनी हा प्रकार जवळून बघितला नाही त्यांच्यासाठी काउंटर स्ट्राइकचं उदाहरण घेतो, कारण तो गेम मी सगळ्यात जास्त खेळलोय आणि माझा लाडका आहे. केस म्हणजे बंद पेटी असते, ती उघडायला किल्ली लागते, किल्ली साधारण अडीच डॉलरची. क्लिक केलं की पेटीचं झाकण उघडतं आणि स्क्रीनवर बंदुकींच्या चित्रांची एक पट्टी सर्रकन सरकायला लागते, प्रत्येक चित्र मधल्या रेषेखालून जाताना टिक टिक टिक असा आवाज, आधी भरभर, मग हळू, मग अजून हळू, आणि तेवढ्यात पिवळं चित्र दिसतं, म्हणजे चाकू, ते सरकत सरकत रेषेपाशी येतं आणि एका घराने पुढे निघून जातं. हातात काय पडतं तर निळी, म्हणजे सगळ्यात फालतू स्किन, बंदुकीवरची नुसती रंगीत नक्षी. बघणाऱ्याला वाटतं थोडक्यात हुकलं. काही हुकलेलं नसतं. तुम्हाला काय मिळणार हे पट्टी हलायच्या आधीच सर्व्हरवर ठरलेलं असतं, पुढचं सगळं दाखवायला. चीनमध्ये शक्यता जाहीर करायचा नियम आल्यावर २०१७ मध्ये तिथल्या कंपनीने आकडे छापले तेव्हा जगाला कळलं की चाकूची शक्यता ०.२६ टक्के आहे, म्हणजे साधारण ३८५ पेट्यांमागे एक. नुसत्या किल्ल्यांचा हिशेब केला तरी सरासरी साडेनऊशे डॉलर होतात, आपल्याकडे ऐंशी हजाराच्या आसपास, आणि एवढं ओतूनही मिळेलच असं नाही, कारण सरासरी ही तुमच्या वैयक्तिक नशिबाला बांधील नसते.

यावर कंपन्यांची ठरलेली पळवाट अशी की अहो ती स्किन आहे, तिला खऱ्या जगात किंमत नाही. किंमत नाही? ऑक्टोबर २०२५ मध्ये काउंटर स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्वने एक अपडेट टाकला, पाच लाल, म्हणजे चाकूच्या खालच्या दर्जाच्या, स्किन देऊन चाकू मिळवायची सोय केली, आणि एका रात्रीत चाकूंचे भाव कोसळले, लोकांनी डोक्याला हात लावले, अब्जावधी डॉलर उडाल्याच्या बातम्या आल्या. ज्याला किंमत नाही त्याचा बाजार कसा काय कोसळतो बुवा?

हे सगळं एकदम आलेलं नाही, हळूहळू मुरवलंय. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन नावाच्या गेममधल्या घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हा आम्ही सगळे तुटून पडलो होतो, घोड्याला चिलखत, तेही पैसे देऊन, लाज वाटते का वगैरे. आज मागे बघितलं तर वाटतं किती सज्जन माणसं होती ती. चिलखत दाखवलं, किंमत सांगितली, पैसे घेतले, चिलखत दिलं. त्यानंतर २०१० मध्ये टीम फोर्ट्रेस टू मध्ये पेट्या आणि किल्ल्या आल्या, २०१३ मध्ये काउंटर स्ट्राइकमध्ये, २०१६ मध्ये ओव्हरवॉचने ते इतकं गोडगोड करून दाखवलं की आम्हीही आनंदाने पेट्या फोडत बसलो. मग २०१७ मध्ये ईए या बड्या गेम कंपनीने स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू मध्ये कहर केला, पूर्ण किमतीचा गेम घेऊनही डार्थ व्हेडर हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं पात्र कुलूपबंद, त्याला ६० हजार क्रेडिट म्हणजे गेममधलं चलन, एकेका हिरोसाठी लोकांनी चाळीस चाळीस तासांचा हिशेब मांडला, आणि कंपनीने रेडिटवर उत्तर दिलं की मेहनतीने अनलॉक केल्यावर खेळाडूंना अभिमान वाटावा हा हेतू आहे. त्या उत्तराला सहा लाखांवर डाउनव्होट, म्हणजे नापसंतीचे कौल पडले. तो गेम सुधारला, पण धंद्याने धडा वेगळाच घेतला, की पूर्ण किमतीच्या गेममध्ये एवढं उघड करायचं नाही, फुकटच्या मोबाईल गेममध्ये करायचं, तिथे ओरडणारे जुने गेमर नसतात, शाळकरी पोरं असतात.

मोबाईलवरचा हिशेब तर मुद्दामच असा ठेवलेला असतो की तुम्ही तो करूच नये. गेनशिन इम्पॅक्ट घ्या. गेम म्हणून सुंदर आहे, ते जग, ते संगीत, त्याबद्दल वाद नाही. पण पैसे भरले की मिळतात जेनेसिस क्रिस्टल, त्याचे करायचे प्रिमोजेम, १६० प्रिमोजेमचा एक फेट, एका फेटची एक विश, म्हणजे एकदा नशीब आजमावायचं. फाइव्ह स्टार, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ कॅरेक्टर, निघायची मूळ शक्यता ०.६ टक्के, नव्वदाव्या विशला नक्की निघतो, पण निघालेला तुम्हाला हवा असलेलाच असेल याची खात्री नाही, तो हुकला तर पुढच्या नव्वदात नक्की. म्हणजे नशीब अगदीच फुटकं असेल तर १८० विश, २८,८०० प्रिमोजेम. शंभर डॉलरच्या सगळ्यात मोठ्या पॅकमध्ये ८,०८० येतात. करा भागाकार, साडेतीनशे डॉलरच्या वर गेलं, म्हणजे तीस हजार रुपये, एका कॅरेक्टरला. कुणी मुलाने घरी येऊन "आई, एका बाहुलीसाठी तीस हजार दे" म्हटलं तर आई काय देईल ते सांगायला नको. पण तेच "आई, फक्त एक टॉप अप" म्हटलं की पुढचं कळतच नाही. माझ्या भाच्याने एका बॅटल रॉयल गेममध्ये एका सुटासाठी असाच थोडा थोडा टॉप अप करत ताईच्या खात्यातून बरेच पैसे घालवले, आणि वाईट याचं वाटलं की त्याला स्वतःला किती गेले ते सांगता येत नव्हतं, कारण त्याच्या डोक्यात रुपये नव्हतेच, गेममधले डायमंड होते. त्याला ओरडा बसला, मोबाईल काढून घेतला. विकणाऱ्याला कोण ओरडणार?

आता यावरचा नेहमीचा युक्तिवाद. २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे ईएच्या बाईंनी सांगितलं की याला आम्ही लूट बॉक्स म्हणत नाही, हे सरप्राइज आहे, आत खेळणं निघणाऱ्या किंडर एग चॉकलेटसारखं. आपल्याकडचे लोकही हेच म्हणतात, आमच्या लहानपणी शाळेबाहेर सोरट नव्हतं का, चार आणे द्यायचे, चिठ्ठी फोडायची, कधी फुगा कधी काही नाही, त्याने कोण बिघडलं? बरोबर आहे, मीही फोडलंय सोरट. पण जरा आठवा तो पुठ्ठा. त्यावर चिठ्ठ्या मोजून चिकटवलेल्या असायच्या, बक्षिसं वर टांगलेली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. बॅट कुणीतरी जिंकून नेली की पुढच्या पोराला कळायचं की आता पुठ्ठ्यावर फक्त फुगे राहिलेत, मग कुणी तिकडे फिरकत नसे आणि दुकानदार गुपचूप नवा पुठ्ठा आणायचा. खिशातले चार आणे संपले की तुमचा खेळ संपला. मोबाईलमधलं सोरट कधी संपत नाही, किती चिठ्ठ्या आहेत दिसत नाही, बॅट आत आहे की नाही कळायचा मार्ग नाही, आणि दुकानदाराला मात्र तुम्ही कधी खेळता, कधी हरून चिडता, मागच्या वेळी किती रुपयांच्या ऑफरला भुललात हे सगळं ठाऊक असतं.

बॅट आत नसेल ही माझी कल्पना समजू नका. दक्षिण कोरियात नेक्सॉन कंपनीने मेपल स्टोरी या गेममध्ये नेमकं हेच केलं होतं, क्यूब म्हणजे शस्त्राचे गुण नशिबावर बदलून देणारी विकतची वस्तू, त्यातून चांगला गुण निघायची शक्यता गुपचूप कमी केली, गुणांच्या काही जोड्यांची तर थेट शून्य केली, आणि खेळणारे वर्षानुवर्षं पैसे घालत राहिले. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाने साडेअकराशे कोटी वॉनच्या वर दंड ठोकला आणि मार्चपासून शक्यता जाहीर करणं कायद्याने सक्तीचं झालं. तिकडे पकडलं गेलं कारण बघणारा कुणीतरी होता.

वयाची रेटिंग देणाऱ्यांची तर गंमतच आहे. बॅलाट्रो नावाचा गेम आहे, २०२४ मध्ये आला, एकट्या माणसाने बनवलेला, पोकरच्या पत्त्यांवर आधारित पण त्यात खरा पैसा कुठेच नाही, एकदा विकत घ्या आणि आयुष्यभर खेळा. त्याला युरोपच्या पेगी या रेटिंग संस्थेने १८ ची रेटिंग दिली, कारण काय तर पत्ते दिसतात, मुलं जुगार शिकतील. आणि ईएचा फुटबॉल गेम, ज्यात खऱ्या पैशाने पॅक फोडून खेळाडू काढायचे, त्याला तेव्हा रेटिंग ३. तीन वर्षांच्या पोराला चालेल! बॅलाट्रो बनवणाऱ्याने जाहीर टोमणा मारला की आता मीही मायक्रोट्रान्झॅक्शन, म्हणजे गेमच्या आतली छोटी छोटी खरेदी, टाकतो म्हणजे माझी रेटिंग कमी होईल. शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये पेगीने बॅलाट्रोची रेटिंग १२ वर आणली. त्या फुटबॉल गेमबद्दल बोलायचं तर मी दर वर्षी शपथ घेतो आणि मोडतो, आधी चार-पाच हजार देऊन गेम घ्या, मग पॅक, आणि सप्टेंबर आला की नवा गेम, मागच्या वर्षीची टीम भंगारात. ईएने २०२१ च्या आर्थिक वर्षात आपल्या सगळ्या खेळांच्या गेममधल्या अल्टिमेट टीम, म्हणजे पॅक फोडून टीम बांधायच्या प्रकारातून १६२ कोटी डॉलर कमावले. एवढा पैसा दिसत असताना गेममध्ये नवीन काही करायची खाज कुणाला राहील, आणि हे मला पोरांच्या मुद्द्याइतकंच लागतं, कारण यात आमचा खेळही सडतो. डिझाइन करणारा माणूस "हा लेव्हल मजेदार कसा करू" ऐवजी "इथे माणूस कंटाळून पैसे कसे भरेल" हा विचार करायला लागतो. तुम्ही खेळताय आणि अचानक वस्तू मिळायचा वेग मंदावतो ना, तो असाच मंदावत नाही.

एक आक्षेप मात्र मला हलकेच झटकता येत नाही. दहा-बारा हजारांच्या फोनवर लातूर-परभणीतला पोरगा जगातला उत्तम गेम फुकट खेळतो, ते कुणाच्या जिवावर? जे थोडे लोक पेट्यांवर भरमसाट खर्च करतात त्यांच्या जिवावर. ते बंद केलं तर फुकट गेम बंद. आमच्या वेळी पायरेटेड सीडी होत्या, यांना हे आहे, आणि मला त्या पोराचा गेम काढून घ्यायचा नाहीये. पण हे मॉडेल पेटीशिवाय चालत नाही हे खोटं आहे. रॉकेट लीगने २०१९ च्या अखेरीस पेट्या काढून टाकल्या, वस्तू थेट दाखवून विकायला लागले, नंतर गेम फुकटही केला, अजून चालू आहे. फोर्टनाइट स्किन समोर मांडून, किंमत लावून विकतो आणि खोऱ्याने ओढतो. ते काही संत नाहीत, एका बटणात चुकून खरेदी होईल अशी रचना केली म्हणून अमेरिकेत त्यांना २४.५ कोटी डॉलर परत द्यायला लावलेत. पण निदान काय विकतायत ते दिसतं.

दुसरं टोकही मला नको. आपल्याकडे गेम म्हटलं की सगळं एकाच पोत्यात घालायची सवय आहे. २०२० मध्ये पबजी बंद केला तो चीनच्या रागातून, पण घरोघरी आनंद झाला तो पोरं अभ्यास करतील म्हणून, मग २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय होऊन आला, २०२२ मध्ये परत स्टोअरवरून गेला, २०२३ मध्ये परत आला, आणि या सगळ्या येण्याजाण्यात त्यातल्या क्रेटबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पुण्यात बसून नॉडिंग हेड्सच्या पोरांनी राजी बनवला, हातात त्रिशूळ घेतलेली मुलगी, राजस्थानी धाटणीच्या इमारती, एकदा पैसे द्या आणि खेळा, तो किती पालकांना माहीत आहे? चांगला गेम काय असतो हे माहीत नसलं की वाईटही ओळखता येत नाही. नेत्यांचं तर विचारूच नका. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाईलवर रम्मी खेळतायत असा आरोप करत रोहित पवारांनी व्हिडिओ टाकला, कोकाटे म्हणाले मी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात स्किप करत होतो, आणि शेवटी त्यांचं कृषी खातं काढून त्यांना दिलं काय, तर क्रीडा. मी काही बोलत नाही. शिवाय राज्य सरकारची स्वतःची लॉटरी १९६९ पासून आहेच.

बाहेर काय चाललंय तेही सरळसोट नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये पैशाच्या लूट बॉक्सना जुगार ठरवलं, मोठ्या कंपन्यांनी काढून टाकले, सगळीकडे कौतुक झालं, पण नंतर एका अभ्यासात तिथले सगळ्यात जास्त कमाईचे शंभर आयफोन गेम तपासले तर ८२ मध्ये लूट बॉक्स होतेच, कारण तपासायला माणसंच नव्हती. तेव्हा नुसती बंदी घालून फोटो काढायला मी सांगत नाहीये. ब्राझीलने २०२५ मध्ये मुलांच्या संरक्षणाच्या कायद्यात लूट बॉक्सवर बंदी घातली, ते कसं राबवतात बघायचं. मला जास्त पटला तो अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी आयोगाचा गेनशिनवाल्यांबरोबरचा जानेवारी २०२५ चा समझोता, दोन कोटी डॉलर दंड, सोळा वर्षांखालच्या मुलांना आईबापाच्या संमतीशिवाय लूट बॉक्स विकायचे नाहीत, शक्यता उघड करायच्या, आणि त्या क्रिस्टल-जेमच्या भानगडीचा खऱ्या पैशातला दरही सांगायचा.

आपल्याकडे यातलं शेवटचं तरी उद्या करता येईल. प्रत्येक स्पिनच्या बटणावर डायमंड नाही, रुपये लिहा. बाजूला शक्यता लिहा, आत चार मेनू खाली दडवून नाही, बटणाला लागून. आतापर्यंत या पेटीवर तुमचे इतके रुपये गेले हा आकडा तिथेच दाखवा, कंपनीकडे तो पैशापैशापर्यंत असतोच. अठराच्या खाली पैशाची पेटी नाही, थेट किंमत लावलेली स्किन खुशाल विका. शक्यतेत गुपचूप हात घातला तर कोरियासारखा दणका. आणि यासाठी परत दोन दिवसांत नवा कायदा आणायलाच हवा असंही नाही. जपानने २०१२ मध्ये कंप्लीट गाचा बंद केला तो असलेल्याच ग्राहक कायद्याचा नवा अर्थ लावून, पेट्यांमधून अख्खा संच जमवला तर मोठं बक्षीस अशी ती भानगड होती, सरकारने नुसतं जाहीर केलं आणि कंपन्यांनी स्वतःच काढून टाकली. केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नवर, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या अ‍ॅपच्या रचनेवर, नियमावली काढलेली आहे, खोटी घाई करणं, गुपचूप बास्केटमध्ये वस्तू टाकणं, लाज वाटायला लावून विकणं असे तेरा प्रकार त्यात नावानिशी आहेत, आणि ती भारतात वस्तू किंवा सेवा विकणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना लागू आहे. पैसे घेऊन बंद पेटी विकणं हा चौदावा प्रकार त्यात घालायला संसदेचं अधिवेशनही लागत नाही.